साखर पायातून बाहेर पडत नसते!

‘डायबेटिसचं लपवलेलं सत्य’ हा मेसेज तुम्हालाही आला असेलच. आमच्याकडे तो भिशीच्या ग्रुपवरून काकूंपर्यंत पोचला. त्यांनी मुकाट्याने गोळ्या बंद केल्या आणि आम्हाला पत्ता लागला तो तळपायाला फोड आल्यावर. त्यामुळे या लेखात गोडवा शोधू नका.

मेसेज काय म्हणतो? शुगरची मर्यादा कंपन्यांनी गोळ्या खपवायला खाली आणली. त्रास होत नसेल तर वाढलेली शुगर शरीराला मानवलेली असते. पायाला मुंग्या येणं म्हणजे साखर बाहेर पडण्याची खूण, तेव्हा रोज कढत पाण्यात मीठ घालून पाय बुडवा. किडनी जाते ती शुगरने नाही, गोळ्यांनी. आणि जांभळाच्या बियांच्या चूर्णाने सगळं मुळापासून जातं.

मुंग्यांचंच आधी बघू, कारण फोड तिथे आलेत.

पायातून साखर बाहेर पडायला वाटच नाही. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली की जादाची लघवीवाटे जाते, बस्स. मुंग्या येतात त्या पायाचे मज्जातंतू निकामी व्हायला लागल्यामुळे. साखर त्यांना थेट तर इजा करतेच, शिवाय त्यांना रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्याही नासवते. प्रत्येक रक्तवाहिनीला आतून एकाच पेशीच्या जाडीचं अस्तर असतं, एंडोथेलियम. हे अस्तर नायट्रिक ऑक्साइड तयार करतं. त्याच्यामुळे वाहिनी गरजेप्रमाणे सैल होते आणि आत गुठळ्या धरत नाहीत. १९९८ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल याच शोधाला मिळालं होतं.

स्नायूच्या पेशीला साखर आत ओढायला इन्सुलिन लागतं. अस्तराच्या पेशीला लागत नाही. रक्तात साखर वाढली की तिच्या आतही वाढते, तिला दार लोटून घेता येत नाही. एवढी साखर आत जळताना सुपरऑक्साइड नावाचा मारक पदार्थ तयार होतो आणि तो नायट्रिक ऑक्साइडचा फडशा पाडतो. वाहिनी सैल पडेनाशी होते. पुढे वर्षानुवर्षं साखर भिंतीतल्या कोलॅजनला चिकटत राहते आणि भिंतच ताठरते.

आता अशा बधिर पायाला पाणी किती कढत आहे हे कळणार कसं? कातडी भाजते तरी माणूस आरामात बसून असतो. वर, जखम भरायला जे रक्त यायला हवं ते आणणाऱ्या वाहिन्याच अधू झालेल्या. मग साधा फोड चिघळतो, आणि बोट किंवा पाऊल कापायची पाळी येते ती अशाच जखमांतून. हे लिहिणाऱ्याने एकदा तरी डायबेटिसचा पाय पाहिलाय का?

‘मानवलेली शुगर’ हा त्याच अज्ञानाचा दुसरा भाग. अस्तर बिघडताना दुखत नाही, एवढाच त्याचा अर्थ. ब्रिटनमध्ये १९७७ पासून वीस वर्षं यूकेपीडीएस नावाची पाहणी चालली. टाइप टू डायबेटिसचं नव्याने निदान झालेले ५,१०२ रुग्ण तिच्यात होते. जवळपास निम्म्यांमध्ये निदानाच्या वेळीच कुठली ना कुठली गुंतागुंत सापडली. म्हणजे निदान होण्याआधीच आत बिघाड चालू होता!

किडनीच्या दाव्यालाही हीच पाहणी पुरते. १९९८ मध्ये तिचे निष्कर्ष आले. गोळ्या किंवा इन्सुलिन देऊन एचबीएवनसी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, ७ च्या आसपास ठेवलेल्या गटात, ७.९ वाल्या गटापेक्षा, बारीक वाहिन्यांचे विकार २५ टक्के कमी होते. बारीक वाहिन्या म्हणजे डोळ्याचा पडदा आणि किडनीसुद्धा. औषधानेच किडनी जात असती तर चित्र उलटं दिसायला हवं होतं. हार्ट अटॅकमधला फरक मात्र तेव्हा ठाम नव्हता, तो २००८ च्या पाठपुराव्यात स्पष्ट झाला. राहिली मेटफॉर्मिन या शुगरच्या नेहमीच्या गोळीने किडनी जाते ही अफवा. ते किडनीवाटे बाहेर पडतं, म्हणून किडनी आधीच फार कमजोर असेल तर डॉक्टर डोस कमी करतात किंवा बंद करतात. लोकांनी त्यातून कारणच उलटं लावलं.

मर्यादा खाली आणली, हे मात्र खरं आहे. १९९७ मध्ये अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने उपाशीपोटीच्या शुगरची निदानाची रेषा १४० वरून १२६ वर आणली. कारण डोळ्याच्या पडद्याचे विकार त्याच सुमाराला वाढायला लागतात, असं पाहण्यांत दिसलं होतं. आणि हो, शुगर अट्टाहासाने अगदी खाली दाबणंही घातक ठरू शकतं. २००८ मध्ये अकॉर्ड नावाच्या डायबेटिसच्या उपचारांवरच्या मोठ्या चाचणीतला अतिकडक उपचार मृत्यू वाढल्यामुळे मुदतीआधी थांबवावा लागला. पण त्याचा अर्थ डॉक्टरांशी बोलून लक्ष्य ठरवा असा होतो. गोळ्या कचऱ्यात टाका असा नाही.

जांभळाच्या चूर्णाने डायबेटिस मुळापासून जातो हे कुणीही सिद्ध केलेलं नाही. घ्यायचंच असेल तर डॉक्टरांच्या कानावर घालून घ्या, गोळी चालू ठेवून. आणि काकू, तो टब आता धुण्यासाठी वापरा.