भाडेकरू जेवायला बसला की बेल वाजवा

घर भाड्याने दिलंय ना? मग दर महिन्याच्या पाच तारखेला नुसता बँकेचा मेसेज बघून खुश होऊ नका, अधूनमधून जाऊन बघत जा. शहाणी माणसं सांगतात की नियमित तपासणी केली की ओल वेळेत कळते, वाळवी सापडते, घर जास्त टिकतं वगैरे. ऐकायला छान आहे. पण तपासणी घराची करायची असते हा गैरसमज आधी डोक्यातून काढा बरं, घर कुठे पळून जाणारे? तपासायचा असतो तो भाडेकरू.

वेळ रविवार दुपार दीडची ठेवा. कुकरच्या शिट्ट्या झालेल्या असतात, पानं घेतलेली असतात, माणूस जागेवर सापडतो. आधी फोन करायचा नाही, आणि दार उघडल्यावर म्हणायचं "इथूनच चाललो होतो". माझे मालक पुण्यात सदाशिव पेठेत राहायचे आणि फ्लॅट पार तिकडे वाकडला, तर कुठून कुठे जाताना वाकड वाटेत लागतं हे मला चार वर्षांत कळलं नाही, पण मी विचारलंही नाही, डिपॉझिट त्यांच्याकडे होतं.

कुणी तुम्हाला केंद्राच्या 2021 च्या आदर्श भाडेकरू कायद्याचं सांगेल, की घरात यायचं तर किमान 24 तास आधी लेखी नाहीतर मोबाईलवर कळवावं. घाबरू नका. तो नमुना आहे, राज्याने तसा कायदा केला तरच लागू होतो. त्यातच राहत्या घराचं डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त घेऊ नये असंही म्हटलंय, त्यावरून काय ते समजा. आणि आदर्श म्हटला की आपल्याकडे तो भिंतीवर टांगतात, आपल्या फ्लॅटमध्ये तर भिंतीला खिळा मारायला बंदी आहे.

खिळ्यावरून आठवलं, सुरुवात तिथूनच करा. मोजा. मागच्या वेळी सात होते, आज आठ कसे? मग दाराबाहेरच्या चपला मोजा, अॅग्रीमेंटवर दोन माणसं आणि चपलांचे पाच जोड म्हणजे काय समजायचं? मग स्वयंपाकघरात जाऊन हळूच वास घ्या, पाणी प्यायच्या निमित्ताने फ्रीज उघडा, अंडी दिसली तर काही बोलू नका, फक्त "हं" म्हणा. त्या एका "हं"वर पुढची भाडेवाढ निघते.

बाथरूममध्ये मात्र मान वर करायची नाही. वरच्यांच्या ट्रॅपमधून पाणी झिरपत असतं, छताला पिवळा गोल पडलेला असतो, एकदा का तो बघितला की वरच्याशी भांडा, सोसायटीला पत्र द्या, प्लंबर आणा, म्हणजे खर्च. तसंच मीटरच्या बोर्डावर ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारी खटक्याची पेटी, असेल तर तिच्यावर टेस्टचं बटण असतं, दाबलं की खटका पडायला हवा, दोन सेकंदाचं काम आहे, गिझर वापरणाऱ्याच्या जिवाचा प्रश्न आहे. पण समजा दाबलं आणि नाही पडला तर? इलेक्ट्रिशियनचे पैसे कोण देणार? त्यापेक्षा खिळे मोजा.

आमच्या बेडरूमच्या बाहेरच्या भिंतीला जूनअखेर रुपयाच्या नाण्याएवढा ओलसर डाग आला. मी फोटो पाठवला. गणपतीपर्यंत पोळीएवढा झाला, नवरात्रात पोपडे सुटायला लागले, पांढरा खार बाहेर आला, कपाटातल्या कपड्यांना बुरशीचा वास. त्या काळात साहेब चार वेळा येऊन गेले बरं का. एकदा म्हणाले तुम्ही पंखा लावत नाही वाटतं, एकदा म्हणाले कपडे आत वाळत घालता का. मी सांगितलं काका, बाहेरून प्लास्टरला तडा गेलाय, खिडकीतून वाकलं तर दिसतो. ते वाकले नाहीत. "पाठ धरते" म्हणाले, आणि लगेच खाली बसून टाईलवरचा एक चरा बोटाने चोळून बघितला.

तो चरा आमच्या आधीचा होता. म्हणून सांगतो, किल्ली देताना पंखे, नळ, टाईल्स, दारं यांची यादी करून दोघांच्या सह्या आणि फोटो असला उद्योग अजिबात करू नका. यादी केली की जुना चरा जुनाच राहतो, त्याचे पैसे नव्या माणसाकडून कापता येत नाहीत.

आणि कागद? छे, ते कोण तपासतं. आमचे मालक म्हणायचे अकरा महिन्यांचंच तर आहे, रजिस्टर कशाला. वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याला 1908 च्या नोंदणी कायद्यात सूट आहे ती त्यांना पाठ होती, पण महाराष्ट्राच्या 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम 55 त्यांच्या गावी नव्हतं. त्यात लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे आपला नेहमीचा भाडेकरार, कितीही महिन्यांचं असो, लेखी करून रजिस्टर करायचंच, जबाबदारी मालकाची, नाही केलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. वर करार रजिस्टर नसेल तर अटींबद्दल भाडेकरू सांगेल तेच खरं धरतात, उलट सिद्ध होईपर्यंत. म्हणजे मी कोर्टात जाऊन म्हटलं असतं की भिंतीला शंभर खिळे मारायचं ठरलं होतं, तर? वीस हजार भाड्याला अकरा महिन्यांची स्टॅम्प ड्युटी साडेपाचशेच्या आसपास आणि शहरात नोंदणी फी हजार रुपये, एवढे वाचवायला माणूस वाकडपर्यंत पेट्रोल जाळत येत होता!

शेवटी आम्ही घर सोडलं. शेवटची तपासणी दीड तास चालली, खिळे अकरा निघाले. डिपॉझिटमधून पेंटिंगचे कापले, त्यात ती ओली भिंतही धरली, कारण "तुमच्या काळात खराब झाली". तडा आहे तिथेच आहे, त्यावर आतून पुट्टी आणि दोन हात रंग.

परवा त्याच फ्लॅटची जाहिरात दिसली, वेल मेन्टेन्ड, फॅमिलीला प्राधान्य. बेडरूमची भिंत पांढरीशुभ्र. तेवढं एक त्यांच्याकडून शिकून घ्या, जाहिरातीचे फोटो मे महिन्यातच काढायचे.