आमच्या कर्नलला रणगाड्यावर कुणी बसवलं?

आज सकाळी आपल्या सोलापुरात सात रस्त्याच्या सिग्नलला थांबलो, सहज वर बघितलं तर आमचा कर्नल. हा एवढा मोठा फ्लेक्स. मागे रणगाडा, वर दोन लढाऊ विमानं, हातात कुठल्या तरी सिनेमातली बंदूक. चेहरा तेवढा त्याचा, तोही कुठल्या तरी ग्रुप फोटोतून कापलेला, त्यामुळे मान एकीकडे आणि धड भलतीकडे. 'सीमेवर शत्रूला धूळ चारणाऱ्या वीरास प्रथम पुण्यस्मरणानिमित्त भावपूर्ण श्रद्धांजली.' आणि खाली श्रद्धांजली वाहणाऱ्यांचे फोटो. एकाने तर गॉगलही काढला नाही.

मागची रिक्षा हॉर्न मारत होती तरी मी हललो नाही, इतकं डोकं फिरलं.

अरे, तो एएससीत होता की. आर्मी सर्व्हिस कोअर. रेशन, रॉकेल, पेट्रोल, ट्रक, खेचरं, हे त्याचं काम. तीस वर्षांहून जास्त नोकरीत त्याने लष्कराला जेवायला घातलं. कुणाला धूळबिळ चारली नाही. आणि त्याला त्याची कधी लाजही वाटली नाही. लाज तुम्हाला वाटते, म्हणून तुम्ही त्याला रणगाड्यावर चढवता.

नाव लिहीत नाही, वहिनींना आवडणार नाही. ओळखणारे ओळखतील. हरिभाई देवकरण शाळेत आम्ही एका बाकावर. वडील गिरणीत. दयानंद कॉलेजातून बी.एस्सी. झाला, लष्करात अधिकारी होण्याची सीडीएस परीक्षा दिली, एसएसबीच्या मुलाखतीचे पाच दिवस काढून आला आणि डेहराडूनला लष्करी अकादमीत गेला. पुढे एएससी मिळाल्याचं कळलं तेव्हा पार्क चौकात चहा पिताना आमच्यातलाच एक म्हणाला, "काय बे, एवढं करून शेवटी किराणा दुकानच?" तो हसला आणि म्हणाला, "दुकान मोठंय पण." झालं, विषय संपला.

तो काय चीज आहे ते मला धाकट्या बहिणीच्या लग्नात कळलं. मे महिना, आणि मे म्हणजे सोलापूरचा मे. हा कॅप्टन, सुट्टीवर आलेला. आहेर देऊन, जेवून निघून जायचं की नाही? हा सकाळीच कार्यालयाच्या मागच्या बाजूला भटारखान्यात. पत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने हिशोब. माणशी पुऱ्या किती, भात किती, सिलिंडर भरलेले किती आणि रिकामे किती. आचारी वैतागला, "साहेब, जन्म गेला माझा यात." हा शांतपणे एकेक सिलिंडर हलवून बघतोय. दोन रिकामे निघाले! दुपारी पंगतीला धरलेल्यापेक्षा कितीतरी जास्त माणूस आलं आणि आमच्या काकांचा चेहरा पडला, तेव्हा मंगळवार पेठेतून कणकेची पोती आधीच येऊन पडली होती. कुणाला न सांगता त्याने मागवली होती.

आणि मग ते बँडवाले. शेवटच्या पंगतीला सगळ्यांनी त्याला ओढून बसवलं. ताट वाढलं. त्याने विचारलं, "बँडवाले जेवले?" काका म्हणाले, "त्यांचं बघू नंतर, त्यांना पैसे दिलेत." हा उठला. भांडला नाही, बोलला नाही, ताट तसंच सोडून बाहेर मांडवाच्या कडेला गेला, त्या घामाने निथळणाऱ्या पोरांना लाल कोटांसकट आत आणलं आणि आपल्या जागेवर एकाला बसवलं. वाढायला स्वतः. काकांनी नंतर कितीतरी वर्षं हे त्याच्या नावावर लावून धरलं, 'मिलिटरीचा शहाणपणा' म्हणून.

डेहराडूनच्या अकादमीत शिकवतात ना, आधी देश, मग तुझ्या हाताखालची माणसं, आणि तू सगळ्यात शेवटी. भिंतीवर लिहिलेलं सगळेच वाचतात. हा ते आमच्या कार्यालयात, वरणभाताच्या पंगतीत करत होता, जिथे त्याला सलाम ठोकणारं कुणी नव्हतं.

एकदा मी त्याला विचारलं होतं, लेका, तू वर लडाखला नक्की करतोस काय? तासभर बोलला. लडाखच्या वाटेवरची झोजिला खिंड हिवाळ्यात बर्फाने बंद. मग उन्हाळ्याच्या चार-सहा महिन्यांत अख्ख्या हिवाळ्याचं सगळं वर चढवायचं. पीठ, डाळ, तेल, औषधं, बूट, रॉकेल. रॉकेल सगळ्यात महत्त्वाचं, कारण सियाचीनच्या चौक्यांवर पाणी म्हणजे स्टोव्हवर वितळवलेला बर्फ. रॉकेल संपलं की पाणी संपलं. अंडी दगडासारखी गोठतात, बटाटे गोठतात. "आपली कडक भाकरी आणि शेंगाचटणी तेवढी गोठत नाही," हे सांगताना त्याची छाती फुगलेली. सुट्टी संपवून परत जाताना ट्रंकेत युनिफॉर्म कमी आणि भाकरी जास्त असायच्या.

९९ ला कारगिलच्या वेळी रात्रीच्या अंधारात खेचरांवरून दारूगोळा आणि जेवण वर जायचं, दिवा लावायची सोय नाही, कारण वरून तोफा. खेचरांबद्दल तो माणसांसारखं बोलायचा. २०२० ला गलवानमधल्या चीनबरोबरच्या चकमकीनंतर हजारो जवान एकदम वर चढले आणि त्या सगळ्यांचा हिवाळा काही महिन्यांत उभा करायचा होता. त्या काळात त्याचा फोन लागायचा नाही. लागला तर म्हणायचा, "नंतर बोलू, ट्रक मोजतोय." माझ्या डोळ्यांसमोर तीच पेन्सिल आणि तीच पत्रिका यायची. फरक एवढाच, की इथे पुऱ्या कमी पडल्या असत्या तर काकांची अब्रू गेली असती.

या माणसाला तुम्ही विमानाखाली उभं केलंत. बारा जानेवारीला, हुतात्म्यांच्या फाशीच्या दिवशी, चार हुतात्मा चौकात हार घालणारं गाव हे. आपल्याला खऱ्या माणसाचा खरा फोटो पुरत नाही होय?

बरं, मान्य. पोरांच्या मनात वाईट काही नव्हतं. वर्गणी काढून लावलाय म्हणे. बाकीच्यांना तर तारीखही आठवली नाही, त्यात आमच्या बॅचचे निम्मे आले.

आणि तो देव होता असं मी म्हणत नाही. आई गेली तेव्हा हा लेहमध्ये, बर्फाने विमानं बंद. आला तो तेराव्यानंतर. वहिनींनी दोन्ही मुलं एकटीने वाढवली, पोराची दहावी आणि पोरीची शस्त्रक्रिया त्याला फोनवरच कळली. बहिणीच्या त्या लग्नात त्याची आई पंख्याजवळ बसून म्हणाल्याचं मला अजून ऐकू येतं, "माझ्या घरात बसायला वेळ नाही, लोकांच्या पुऱ्या मोजतोय." खोटं नव्हतं ते. फौज त्याचं सगळं घेऊन गेली आणि त्याने हसत दिलं. या गोष्टीचा मला अजूनही राग येतो, कुणाचा ते मात्र ठरवता येत नाही.

ब्रिगेडियर झाला नाही. कर्नल म्हणून निवृत्त झाला. इथे येऊन विजापूर रोडच्या घरात कुठे स्थिरावतोय तर दुखणं निघालं आणि वर्षाच्या आत संपला.

दहाव्याला एक माणूस आला होता. बिहारहून, जनरल डब्यातून. निवृत्त हवालदार, कधीकाळी त्याचा ड्रायव्हर. कुणालाच ओळखत नव्हता, मागे उभा. मी विचारल्यावर म्हणाला, साहेबांनी माझी रजा कधी अडवली नाही, स्वतःची सोडून दिली. बस, एवढंच. जेवायला बसा म्हटलं तर आधी बाहेर जाऊन आमच्या रिक्षावाल्याला बोलावून आणलं. मला लग्नातले ते लाल कोट आठवले आणि मी तिथून उठलोच.

असो. राग जरा उतरलाय, म्हणून कामाचं लिहितो. माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवा पत्नींना घरपट्टी माफीची योजना राज्यात २०२० पासून आहे. वहिनींचा अर्ज महापालिकेत एका टेबलावर कित्येक महिने पडून आहे. दर वेळी नवा कागद. गेल्या आठवड्यात तर विचारलं, "युद्धात गेले का?" नाही म्हटल्यावर साहेबांनी फाईल बाजूला सरकवली. योजनेत असं कुठेही लिहिलेलं नाही.

सोमवारी अकराला मी वहिनींबरोबर जाणार आहे. फ्लेक्सवर ज्यांचे फोटो आहेत त्यांनी तर जरूर यावं. घोषणा नकोत, कुणाची ओळखही लावायची नाही, वशिला त्याला चालायचा नाही. नुसतं रांगेत उभं राहायचं. डबा घेऊन या, कारण ते साहेब दीडला जेवायला जातात ते साडेतीनशिवाय परत येत नाहीत.