म्हाताऱ्याचे दात

गेल्या शनिवारी सकाळी अकराच्या सुमारास, पश्चिम सिडनीतील एका सभागृहात, वीसेक अनोळखी माणसांच्या साक्षीने माझ्या सहा वर्षांच्या झाडाचे नाव बदलण्यात आले. शाळेत मुलाचे नाव चुकीचे लागले, तर प्रतिज्ञापत्र करून ते बदलता येते, आणि त्यात निदान अर्ज तरी आपला असतो. इथे मी कसलाही अर्ज केला नव्हता. स्थानिक झाडे लावणाऱ्या हौशी मंडळींचा तो मेळावा होता, एका टेबलावर झाडे ओळखून देण्याची सोय होती, आणि मी माझ्या झाडाची फुललेली फांदी तिथे नेली होती. खरे सांगायचे तर ओळखून घ्यायला नव्हे, मिरवायला.

सहा वर्षांपूर्वी एका नर्सरीतून वीतभर उंचीचे रोप आणले, तेव्हा त्याच्या लेबलावर 'ओल्ड मॅन बँक्सिया' असे ठसठशीत छापलेले होते आणि खाली बँक्सिया सेराटा हे शास्त्रीय नाव होते. बँक्सिया हा ऑस्ट्रेलियातल्या झाडाझुडपांचा एक वंश, आणि सेराटा ही त्यातली एक जात. सेराटा म्हणजे करवतीसारख्या दातांची, आणि रोपाच्या पानांना दात होते, तेव्हा संशयाला जागाच नव्हती. पुढे झाड वाढू लागले तसे नव्या पानांचे दात कमी होत गेले आणि पाचव्या वर्षी पानांच्या कडा पार गुळगुळीत झाल्या. एखाद्या शहाण्या माणसाला इथे शंका आली असती. मी मात्र त्यावर एक विनोद रचला. नावातच म्हातारा आहे, वय झाल्यावर दात पडायचेच, असे मी घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला झाडापाशी नेऊन सांगत असे. हा विनोद किमान चार गणेशोत्सवांत चालला, आणि दर वेळी लोक हसले; निदान उकडीचे मोदक हातात पडेपर्यंत तरी हसले.

या झाडाचा मला इतका अभिमान का, ते कळण्यासाठी त्याच्या आधी गेलेल्यांची आठवण काढली पाहिजे. पहिली होती बँक्सिया कॉक्सिनिया, पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण किनाऱ्यावरची, लालभडक फुलांची. तिला कोरडा उन्हाळा आणि पाण्याचा निचरा होणारी वाळू लागते. आमच्याकडे फेब्रुवारीत दमट हवा असते आणि जमिनीत अशी चिकणमाती, की तिच्यावर कुंभाराचे पोट भरावे. एका रविवारी ती टवटवीत होती आणि पुढच्या रविवारी तिचा झाडू झाला होता. दुसरे 'बर्थडे कँडल्स' नावाचे बुटके झुडूप होते, आणि ते मी प्रेमाने मारले. साताऱ्याला आमच्या परसात कोणतेही झाड रुसले, की आई त्याच्या बुंध्याशी शेणखत आणि हाडांचा चुरा घालत असे. तेच संस्कार घेऊन मी इथे आलो. हाडांच्या चुऱ्यात फॉस्फरस असतो, आणि बँक्सियाच्या कुळाला नेमके तेच विष आहे. कोट्यवधी वर्षे धुपून निःसत्त्व झालेल्या जमिनीतून फॉस्फरसचा कण अन् कण ओढून घेण्यासाठी त्यांना झुपक्या-झुपक्यांची खास मुळे असतात, आणि 'आता पुरे' असे म्हणण्याची कला त्या मुळांना फारशी अवगत नसते. मी श्रीखंडाचे पातेलेच पुढे ठेवले. झुडपाने ते चाटून पुसून संपवले आणि पाने करपून घेऊन ते गेले. तेव्हा तिसरे झाड त्याच मातीत सहा वर्षे जगले, वर फुललेही, याचा मी थोडा टेंभा मिरवला तर बिघडले कुठे?

टेबलामागे एक आजोबा बसले होते. डोक्यावर कापडी टोपी, गळ्यात बुटाच्या नाडीला बांधलेले भिंग, आणि समोर दुर्दैवी माणसांची रांग. माझी पाळी आली तेव्हा मी फांदी पुढे केली आणि त्यांचे काम हलके करावे म्हणून म्हणालो, "ही सेराटा."

"असे कोण म्हणते?"

"लेबल म्हणते."

"लेबल झाड लिहीत नाही," आजोबा म्हणाले आणि त्यांनी भिंग डोळ्याला लावले. "साल आणली आहे?"

सेराटाची साल जाड आणि गाठाळ असते, हे मला ठाऊक होते. पण मिरवायला निघालेला माणूस साल सोलून नेत नाही. मी नाही म्हणालो.

"जुने कणीस?"

बँक्सियाचा फुलोरा म्हणजे शेकडो बारीक फुलांचे उभे कणीस असते, आणि ते वाळले की त्यात बियांची टणक बोंडे धरतात. सेराटाची बोंडे मोठी, लवदार असतात आणि बहुधा वणव्याची वाट पाहत वर्षानुवर्षे मिटलेली राहतात. इंटेग्रिफोलिया नावाच्या दुसऱ्या जातीची बोंडे पिकली की आगीवाचून उघडतात आणि बी सांडून मोकळी होतात. हे सारे त्यांनी मला तिथेच समजावून सांगितले आणि मग पुन्हा विचारले, "तर, कणीस?"

"तेही नाही आणले."

"रोपाचे पान?"

"रोपाचे पान सहा वर्षांपूर्वीच गळून गेले."

"जपून ठेवायला हवे होते," आजोबा म्हणाले. ते विनोद करीत असतील अशा आशेने मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिले. तसे काही नव्हते.

मग त्यांनी एक पान तोडले, उलटे केले आणि रांगेला दाखवले. पानाची मागची बाजू रुपेरी पांढरी होती. "सगळ्यांनी हात लावून पाहा," असे म्हणून त्यांनी ते पान प्रसादासारखे फिरवले आणि लोकांनीही ते तितक्याच भक्तिभावाने हाताळले. ही पांढरी बाजू मी सहा वर्षे पाहत होतो. पाचगणीच्या रस्त्यावरचे सिल्व्हर ओक ज्याने शाळेच्या सहलीत पाहिले आहेत, त्याला उलटे रुपेरी पान नवे नसते; आणि ते सिल्व्हर ओक म्हणजे मुळात ओक नसून ऑस्ट्रेलियातील ग्रेव्हिलिया रोबस्टा आहेत, बँक्सियाच्याच प्रोटिएसी कुळातील सख्खे नातेवाईक. साताऱ्याच्या माणसाने या कुळात एकदा लेबलाकडून फसून झाल्यावर पुन्हा फसावे, हे जास्त लागले.

पान फिरत फिरत आठ-नऊ वर्षांच्या एका मुलीकडे गेले. तिने ते आईला दाखवले आणि सहज म्हणाली, "इंटेग्रिफोलिया. आमच्या शाळेच्या पार्किंगमध्ये आहेत."

आजोबांनी समाधानाने मान डोलावली. मी शेवटचा उपाय म्हणून माझा विनोद सांगितला: म्हातारा आहे, वयाप्रमाणे दात पडले. रांगेत एकही माणूस हसला नाही. "सेराटाचे दात पडत नाहीत," आजोबा म्हणाले. "इंटेग्रिफोलियाला लहानपणी दात असतात, मोठेपणी नसतात. शिवाय प्रत्येक पेराभोवती चार-पाच पानांचे चक्र पाहा. इतकी स्पष्ट फांदी मी या वर्षात पाहिली नाही." चार गणेशोत्सवांची कमाई चार वाक्यांत बुडाली.

इथे मला माझी एक तक्रार नोंदवायची आहे. वनस्पतींची नावे ठरवणारी मंडळी स्वतः किती सैल हाताने वागतात, ते पाहा. २००७ साली त्यांनी ड्रायँड्रा नावाचा अख्खा वंश एका फटक्यात बँक्सियात विलीन केला. हौशी लोक त्यावर कितीही चिडले तरी तो निर्णय कायम राहिला, आणि मी जुन्या बाजारातून हौसेने घेतलेले पुस्तक एका शोधनिबंधाने निम्मे रद्द झाले. ज्यांच्या नावावरून या वंशाला बँक्सिया म्हणतात, त्या खुद्द जोसेफ बँक्स यांनी १७७० साली बॉटनी बेच्या किनाऱ्यावर ज्या फांद्या गोळा केल्या, त्यांत सेराटाही होती आणि इंटेग्रिफोलियाही. त्यांची रीतसर नावे वनस्पतिशास्त्रज्ञ धाकट्या लिनियस यांनी १७८२ साली ठेवली. म्हणजे थोरामोठ्यांना बारा वर्षांची सवलत, आणि मला सहा वर्षांत रांगेत उभे करून पानाची कड विचारतात.

आणि प्रश्न केवळ नावाचा नाही. सेराटा वाकडीतिकडी, संथ वाढणारी, असे वाचून मी ते रोप कुंपणापासून दोन मीटरवर लावले. इंटेग्रिफोलिया मनासारखी जागा मिळाली तर २५ मीटरपर्यंत जाते. माझी आत्ताच चार मीटरची आहे आणि शेजाऱ्याच्या पन्हळीकडे तिने मान वळवली आहे. उद्या ती पाडायची म्हटली तर कौन्सिलकडे अर्ज करावा लागेल, आणि त्या अर्जात झाडाचे नाव लिहायचा रकाना आहे. सोमवारी मी नर्सरीला फोन केला. तिथल्या तरुणाने अत्यंत गोड आवाजात सांगितले, की चुकीचे लेबल असेल तर ते जरूर बदलून देतात. झाड मूळ कुंडीत, मूळ लेबल आणि पावतीसह परत आणावे. चार मीटरचे झाड चौदा सेंटिमीटरच्या कुंडीत कसे बसवावे, असे मी विचारले. तो म्हणाला, की तसे धोरणात काही लिहिलेले नाही. असल्या धोरणापेक्षा फॉस्फरस बरा.

पण हे सोमवारचे. शनिवारी आजोबांनी मला अजून सोडले नव्हते. "जात ठरली, आता उपजात," ते म्हणाले आणि माझ्या मागे उभ्या असलेल्या बाईंनी हातातली पिशवी खाली ठेवली. इंटेग्रिफोलियाच्या तीन उपजाती आहेत, त्यांपैकी एक डोंगरावरची आहे; बी कुठल्या रानातले होते, असा त्यांचा प्रश्न होता. बी कुठले ते नर्सरीला ठाऊक. मला तर जातही पाच मिनिटांपूर्वी कळली होती. त्यावर त्यांनी पाने भिंगाखाली मोजली, पट्टी काढली, एकदा फांदीचा वासही घेतला, आणि दहा मिनिटांनी वहीत 'बहुधा किनाऱ्यावरची' असे लिहिले. ज्या झाडाला समुद्र पाहायला तासभर गाडीत बसावे लागेल, ते किनाऱ्यावरचे ठरले.

दाराशी रोपांची विक्री चालू होती. रागात माणूस खरेदी करतो, तशी मी केली. 'सेराटा' अशी हाताने लिहिलेली पट्टी असलेले बोटभर रोप सहा डॉलरला घेतले; पानांना दात होते. घेऊन सरळ टेबलाशी परत गेलो, रांगेत न थांबता, आणि ते आजोबांपुढे ठेवून विचारले, "ही तरी नक्की सेराटाच ना?"

त्यांनी भिंग लावले, पान उलटले, सुलटे केले.

"सेराटा असेल," ते म्हणाले. "पण एम्युलाही असू शकते. रोपावरून मी सांगणार नाही. दोघींच्या फुलात परागकण धरणाऱ्या टोकाची लांबी वेगळी असते. एकीचे दोन-तीन मिलिमीटर, दुसरीचे जेमतेम एक. फूल आले की घेऊन या."

"फूल कधी येईल?"

"पाच-सहा वर्षांनी," असे म्हणून त्यांनी रोप माझ्याकडे सरकवले. "आणि या वेळी एक पान जपून ठेवा."