वरणात प्रोटीन आहे, वाटीत डाळ नाही

"काकू, हे खरं आहे का?" एवढंच लिहून माझ्या मेसच्या एका जुन्या मुलानं परवा एक फॉरवर्ड पाठवला. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून परीक्षा देणाऱ्यांपैकी हा एक. आता नोकरीला लागलाय, पण एकटाच राहतो आणि डबा लावलेला आहे. फॉरवर्ड तुमच्याही कुठल्यातरी ग्रुपवर येऊन गेला असेल. मजकूर थोडक्यात असा: डाळीत प्रोटीन नावालाच असतं, शंभर ग्रॅम वरणात जेमतेम पाच ग्रॅम, तर शंभर ग्रॅम प्रोटीन पावडरमध्ये पंच्याहत्तर. जे असतं तेही 'अपूर्ण'. सोयाबीन पुरुषांनी खाऊ नये. बी-१२ शाकाहारात नाहीच. तेव्हा पनीर, बदाम आणि पावडरसाठी महिन्याला दहा हजार काढता येत नसतील, तर शाकाहाराचा नाद सोडा.

मी अकरा वर्षं मेस चालवली. डॉक्टर नाही, आहारतज्ज्ञ नाही. पण रोज साठ ताटांचा हिशेब केलाय, त्यामुळे या मजकुरातला कुठला आकडा कुठे वाकवलाय ते दिसतं.

पहिलाच घ्या, पाच विरुद्ध पंच्याहत्तर. वरणात तीन-चार पट पाणी असतं आणि पावडर डब्यातून कोरडी काढून तोललेली असते. कोरडी तूरडाळ तोला, शंभर ग्रॅमला बावीस ग्रॅमच्या आसपास प्रोटीन निघेल. नाहीतर पावडरही पाण्यात कालवून तोला: एक चमचा, म्हणजे त्यांचा तो मोठा माप-चमचा, चोवीस ग्रॅम प्रोटीनचा, ग्लासभर पाण्यात टाकला की शंभर ग्रॅमला आठ-नऊ ग्रॅमच उरतात. पावडरवालेही मग वरणाच्या पंगतीला येऊन बसतात.

वजनावर तुलना करून गरिबाचं काही भलं होत नाही, तुलना रुपयांवर करायला हवी. गेल्या आठवड्यात आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात मी भाव विचारून आले. दहा ग्रॅम प्रोटीन मिळवायला सोयावड्यांचे अडीच रुपये पडतात, हरभऱ्याचे साडेचार, तूरडाळीचे आणि शेंगदाण्याचे साधारण सहा-सहा. दुधाचे अठरा. पनीरचे बावीस. पावडरचे तीसच्या वर, आणि बदामाचे पंचेचाळीस. तुमच्या गावात भाव दहा-वीस टक्के इकडेतिकडे असतील, पण हा क्रम फारसा बदलणार नाही. फॉरवर्डमध्ये नेमक्या शेवटच्या तीन वस्तू आहेत.

आता जरा अडचणीची गोष्ट. 'डाळ खाऊन काही होत नाही' असं ज्या मुलांना वाटतं, ती पोरं खोटं बोलत नसतात. २०१५च्या ऑक्टोबरात तूरडाळ दोनशेला गेली होती, आठवत असेल. साठ मुलांच्या आमटीला मी दीड किलो डाळ घालायचे. महिन्याचे पैसे मुलांनी आधीच भरलेले, वाढवून मागायची सोय नाही. मी डाळ पाऊण किलोवर आणली. दाटपणा यावा म्हणून लाल भोपळा शिजवून घोटून घालायचे, रंगही छान यायचा. फोडणी जरा खमंग, वर कोथिंबीर. एकाही मुलानं तक्रार केली नाही, उलट एकानं विचारलं, काकू आमटी बदलली का, भारी लागते. हिशेब केला तर माणशी साडेबारा ग्रॅम डाळ, म्हणजे वाटीत पावणेतीन ग्रॅम प्रोटीन. नंतर डाळ उतरली, मी पुन्हा दीड किलोवर कधी गेले ते खरं सांगायचं तर आठवत नाही. लगेच गेले नाही, एवढं नक्की.

आणि दीड किलो तरी कुठे पुरेसं होतं? राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ साली जे ताट सांगितलं आहे, त्यात दोन हजार कॅलरींच्या दिवसाला कोरडी डाळ-कडधान्यं ८५ ग्रॅम आहेत. (मांसाहारी असाल तर त्यातलीच काही जागा अंडी-मांसाला.) घरी वजनकाटा असेल तर एकदा बघा. माझ्या घरी वरणाची वाटी डाळ ११० ग्रॅम भरते आणि ती चौघांत जाते. माणशी सत्तावीस ग्रॅम. दोन्ही वेळा वरण केलं तरी पंचावन्न. बाकीची तीस ग्रॅम उसळीतून, पिठल्यातून, धिरड्यातून यायला हवी, आणि आपल्याकडे उसळ आठवड्यातून दोनदा. तेव्हा फॉरवर्डनं बोट ठेवलंय ती जागा बरोबर आहे, दुखणं मात्र दुसरंच सांगितलंय.

'अपूर्ण प्रोटीन' हा मुद्दा एका वाक्यात संपतो. प्रोटीन ज्या घटकांचं बनतं त्यांतलं लायसीन गहू-तांदळात कमी पडतं ते डाळीत भरपूर असतं, मेथिओनीन हा दुसरा घटक डाळीत कमी पडतो तो धान्यात मिळतो. खिचडी, वरणभात, भाजणीचं थालीपीठ, आणखी काय सांगू. दोन्ही एकाच घासात हवेत असंही नाही, दिवसभरात मिळाले तरी शरीर जमवून घेतं. वनस्पतींचं प्रोटीन पचायला किंचित कमी पडतं हे मात्र खरं, म्हणून वजनाच्या प्रत्येक किलोला दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रोटीन हा संस्थेचा आकडा काठोकाठ न धरता मी एक ग्रॅम धरते.

सोयाबीनचं मला खरंच हसू येतं. माझ्या मेसला निम्मी मुलं लातूर, परभणी, हिंगोलीची. घरी वीस-वीस क्विंटल सोयाबीन होतं आणि ताटात वडी दिसली की नाक मुरडायचं. त्यांचंही बरोबर, घरी कुणी खातच नाही. सोयाबीन आडतीवर जातं, तेल निघतं, पेंड कोंबड्यांना जाते. म्हणजे फॉरवर्ड ज्या चिकनकडे वळायला सांगतो त्या चिकननं सोयापेंड खाऊनच अंग धरलेलं असतं. आता भीतीचं मूळ: सोयात आयसोफ्लेव्होन नावाची द्रव्यं असतात, त्यांची रचना स्त्रियांच्या इस्ट्रोजेनशी थोडी मिळतीजुळती. तेवढ्यावरून 'पुरुषत्व जातं' इथवर उडी. पुरुषांवर झालेल्या अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासले गेले आहेत, टेस्टोस्टेरॉनमध्ये फरक आढळलेला नाही. खरी काळजी दोनच: कच्चं सोयाबीन खाऊ नये, नीट शिजवावं, आणि थायरॉईडची गोळी घेणाऱ्यानं गोळी आणि सोया यांत काही तासांचं अंतर ठेवावं.

वडीला उग्र वास येतो म्हणून सोडू नका. मीठ घातलेल्या उकळत्या पाण्यात दहा मिनिटं, मग घट्ट पिळून थंड पाण्यात, पुन्हा पिळायचं. तीनदा. तिसऱ्या वेळी पाणी गढूळ निघत नाही, तेव्हा समजायचं झालं. मग मिक्सरला एकच फेरा देऊन कांदा-आलं-लसणावर परतायची. मी फळ्यावर 'सोयाबीन' लिहायचे तेव्हा पातेलं उरायचं. 'खिमा' लिहायला लागले तेव्हा पुरेना.

बी-१२वर मात्र वाद घालणार नाही. तिथे फॉरवर्ड, दूध-दही सोडलं तर, बरोबर आहे. डाळ, भाजी, फळ, धान्य यांत ते नाही. इडली-आंबिलीत आंबवल्यामुळे तयार होतं असं सांगतात, त्यावर विसंबू नका. रोज तीनशे मिली दूध किंवा तेवढ्याचं दही घेणाऱ्याची साधारण निम्मी गरज भागते. दूधही न घेणाऱ्या व्हीगन माणसानं गोळी घ्यायचीच, त्याला पर्याय नाही, आणि किती मापाची ते डॉक्टरांना विचारून. पण या गोळीच्या खर्चावरून पनीर-बदामाचं बिल कुणाच्या गळ्यात मारू नये. बदामात बी-१२ नसतंच. जाता जाता: दूध सोडलं असेल तर त्यातलं आयोडीनही सुटतं, तेव्हा सैंधवाच्या फॅशनमध्ये पडू नका, साधं आयोडीनयुक्त मीठ वापरा. आणि कॅल्शियमसाठी नाचणी, कोरड्या शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या घरात. भाकरी येत नसेल तर आंबील करा. जेवणावर लिंबू पिळा आणि लगेच चहा घेऊ नका, पालेभाजीतलं लोह अंगी लागायचं असेल तर.

राहिले दहा हजार. संस्थेचंच ताट धरून माझ्या भावांनी मांडते: अडीचशे ग्रॅम धान्य अकरा रुपये, डाळ-कडधान्य दहा, पस्तीस ग्रॅम दाणे पाच, दूध अठरा, चारशे ग्रॅम भाजी वीस, एक केळं पाच, तेल चार. त्र्याहत्तर. मसाला-गॅस धरून ऐंशी-पंच्याऐंशी. महिन्याला अडीच हजार, आणि प्रोटीन साठ ग्रॅमच्या आसपास. वजन पासष्ट किलो असेल तर वर मूठभर सोयावडी, दोन रुपये. यात स्वयंपाक करणाऱ्या बाईची मजुरी धरलेली नाही. ती कधीच कुणी धरत नाही.

पण अडीच हजार स्वस्त आहेत असंही मी म्हणणार नाही. पाच माणसांच्या घराला ते साडेबारा हजार होतात, आणि रोजंदारीवरच्या घरात तेवढे नुसत्या खाण्याला निघत नाहीत. जानेवारी २०२३पासून रेशनवर माणशी पाच किलो धान्य फुकट आहे. गहू-तांदूळ. डाळ त्यात नाही. पोट भरतं आणि वाटी पातळच राहते ती तिथे. 'पनीर खा'वाला फॉरवर्ड या घरांना काय सांगणार?

ज्यानं विचारलं त्याच्यापुरतं बोलायचं तर त्याच्या खोलीवर गॅस नाही. त्याला मी फुटाणे सांगितले. पन्नास ग्रॅम, आठ रुपये, दहा ग्रॅम प्रोटीन, भांडं घासायला नको. सोबत दाणे-गूळ. शिवाय डबेवाल्या काकूंना एकदा विचार म्हटलं, माणशी डाळ किती घालता?

तो म्हणाला, असं विचारलं तर त्या चिडतील.

चिडतीलच. मीही चिडले असते.