मिशी गेली, लाली राहिली

ओठावरची लव बाथरूमच्या ट्यूबलाइटखाली आपल्याला दिसते आणि पार्लरवालीला दिसते, बाकी जगात कुणालाही दिसत नाही. पार्लरवालीला तर आपण केस कापायला गेलो तरी आधी तीच दिसते. "अप्पर लिप पण करू ना मॅडम?" हे ती इतक्या काळजीने विचारते की नाही म्हणायची सोय नसते. पण त्या थ्रेडिंगला डोळ्यातून जे पाणी येतं आणि पाठोपाठ ज्या शिंका येतात त्याला मी जाम वैतागले होते. त्यात दिराच्या मुलीचं लग्न, डोंबिवलीचा आमचा टू बीएचके पाहुण्यांनी गच्च भरलेला, म्हणून पार्लरमध्ये नुसतं क्लीनअप करून घेतलं आणि ओठावरसाठी केमिस्टकडून केस काढायची क्रीम आणली. चेहऱ्याचीच हं, पायाची नाही. खोक्यावरची बाई छान हसत होती.

आत एक घडी घातलेला कागद असतो, भिंग घेऊन वाचायचा. तो मी वाचला. हातावर थोडी लावून 24 तास वाट बघा म्हणे, बघितली. हाताला काही झालं नाही. हाताला कधीच काही होत नाही, हात बिचारा भांडी घासून घासून निर्ढावलेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे आडवे झालेले बघून बाथरूममध्ये गेले. क्रीमला गुलाबाचा वास यावा म्हणून कंपनीने जीव तोडून प्रयत्न केलेला असतो पण त्या गुलाबाच्या खालून सडक्या अंड्याचा वास येतोच येतो, आणि तो दाराच्या फटीतून हॉलमध्ये पोचला. सासरे उठले आणि थेट किचनमध्ये जाऊन सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करून आले, सगळ्या खिडक्या उघडा म्हणाले. त्यांचं फार चुकलं असंही नाही, गॅस लीक झालेला कळावा म्हणून त्यात जे मिसळतात ते आणि क्रीममधलं केस विरघळवणारं थायोग्लायकोलेट हे एकाच गंधकाच्या खानदानातले.

कागदावर पाच मिनिटं लिहिली होती. तिसऱ्या मिनिटाला चुणचुण सुरू झाली आणि मग जी आग आग झाली की मी टिश्यूने क्रीम निपटून काढली आणि नळ सोडला तर नळाने फक्त खर्रर्र असा आवाज काढला. घरात एवढी माणसं, सकाळपासून सगळ्यांच्या अंघोळी, टाकी संपलेली. तशीच बाहेर पळाले.

बाहेर सासूबाई संध्याकाळच्या कार्यक्रमासाठी हळद कालवत बसलेल्या. माझं तोंड बघून त्या एक शब्द बोलल्या नाहीत, पातेल्यात दोन बोटं बुडवली आणि माझ्या ओठावर हळद थापली. "थंड वाटेल हो आत्ता." आणि डोळ्यादेखत ती पिवळीधमक हळद लालभडक झाली! मावससासूबाई किंचाळल्या, "अगं बाई, रक्त!" नवरा झोपेतून उठून बँडेड घेऊन आला, बँडेड, ओठावर लावायला. कुणीतरी रिक्षा बघा म्हणालं.

शांत होता तो एकटा धाकट्या जावेचा मुलगा, सातवीतला. त्याच्या चेहऱ्यावर तर आनंद मावत नव्हता. "काकू, हे इंडिकेटर आहे! हळदीत बेस पडला की ती लाल होते, आम्ही शाळेत साबणाने केलंय." खरंच होतं त्याचं. ही क्रीम चांगलीच अल्कलाइन, म्हणजे त्याच्या भाषेत बेस, असते, पीएच साधारण 12, आणि टिश्यूने पुसली तरी थोडी राहिलेलीच. हळद आणि चुना घालून कुंकू करतात तेच झालं, केम गावाला आणि पंढरपूरला जे कुंकवाचे कारखाने आहेत त्यांची एक शाखा माझ्या ओठावर उघडली. "आता लिंबू पिळलं ना की परत पिवळी होईल," म्हणत कार्टं फ्रीजकडे निघालं पण. "ॲसिड आणि बेस मिळून काय होतं माहितीये का काकू? मीठ आणि पाणी." म्हणजे आजवर लोक जखमेवर मीठ बाहेरून आणून चोळायचे, हा तिथेच तयार करणार होता. त्याच्या आईने त्याला मागच्या मागे कॉलरला धरला म्हणून वाचले.

शेवटी जावेने किचनमधल्या पिंपातलं पाणी तांब्याने ओतलं, चांगले पाच-सहा तांबे, साबण न लावता. मग आरशात बघितलं. लव गेली होती, एकही केस नव्हता, कंपनीला शंभर टक्के मार्क. पण जिथे जिथे क्रीम लावली होती बरोब्बर तेवढ्या भागाची, दोन्ही टोकांना निमुळती अशी झक्क लाल मिशी उगवली होती. आधीची मला एकटीला दिसायची, ही समोरच्या बिल्डिंगमधून दिसत होती.

त्यानंतर जे सुरू झालं त्यापुढे ती आग परवडली. शेजारच्या काकू साय घेऊन आल्या. मावशीने व्हिडिओ कॉलवर बर्फ चोळ सांगितलं. कुणी टूथपेस्ट म्हणालं. नवऱ्याने गॅलरीतल्या कुंडीतली कोरफड मुळासकट उपटून आणली, तिच्यातून तो पिवळा चीक गळतोय, तोच नेमका चरचरतो हे त्याला कोण सांगणार. आणि दीर खालच्या केमिस्टकडून एक ट्यूब घेऊन आले, "सगळ्यावर चालते म्हणाला."

मी पर्स उचलली आणि गल्लीतल्या स्किनवाल्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी आधी ती ट्यूब काढून घेतली. स्टेरॉइड, वर ॲंटिबायोटिक, वर फंगसचं औषध, सगळं एकत्र. अशी स्टेरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम सरकारने 2018 लाच केलाय म्हणाल्या, आणि तरी मिळतात, लोक चेहऱ्याला चोळत बसतात आणि सोडली की चेहरा आणखी पेटतो. मग त्यांनी सांगितलं की केस ज्या केराटिन नावाच्या प्रथिनाचा असतो त्याच केराटिनची आपल्या कातडीची वरची पापुद्री, क्रीमला काय कळतंय कुठे थांबायचं. चामडं कमावताना केस काढायला चुना आणि सल्फाइड वापरतात त्यातलाच हा प्रकार, फक्त तिथे जनावर मेलेलं असतं. आणि क्लीनअपमध्ये स्क्रब करून पार्लरवालीने ओठावरची कातडी आदल्याच दिवशी सोलून ठेवलेली, हात शाबूत होता म्हणून हाताला काही झालं नाही.

"मग काय लावू?"

"काही नाही."

थंड पाण्यात बुडवलेला मऊ रुमाल दहा-दहा मिनिटं ठेवायचा, बर्फ डायरेक्ट नाही, वर साध्या पेट्रोलियम जेलीचा पातळ हात, बिनवासाची. ऊन नाही, मेकअप नाही, सिरम नाही, साबण नाही. फोड आले किंवा पाणी सुटलं तर परत या. झालं.

हे घरी सांगितल्यावर सासूबाई बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. "पाचशे रुपये घेतले आणि सांगितलं काय, तर काही लावू नका?" आमच्या घरात माणूस आजारी पडला की प्रत्येकाला त्याला काहीतरी लावायचंच असतं, नुसतं बसून बघणं कुणाला जमत नाही. रुमाल ठेवून मी पडले होते तर दर थोड्या वेळाने कुणीतरी येऊन रुमाल उचलून बघायचं, त्च त्च करायचं आणि "तरी मी म्हणते थोडी साय..." असं म्हणून जायचं. पण आग मात्र तासाभरात खरंच उतरली, लाली तेवढी राहिली.

संध्याकाळी मास्क लावून बसले. जी आली ती विचारायची, कोविड परत आला का गं? शेवटी फोटोच्या वेळी आत्तेसासूबाईंनी मास्क ओढला आणि उष्टी हळद म्हणून माझ्या दोन्ही गालांवरून नाकाखालून अख्खा हात फिरवला. जेलीमुळे आतपर्यंत काही लागलं नाही पण जेलीने ती हळद अशी काही पकडून ठेवली की अल्बममध्ये नवरी सोडून सगळ्यांची नजर माझ्या पिवळ्या मिशीवर.

पान वाढताना आत्तेसासूबाई कोपऱ्यात गाठून हळूच म्हणाल्या, "गेले का गं पण सगळे?"

"गेले."

"दुखलं नाही ना ओढताना?"

"ओढावंच लागत नाही."

त्यांनी स्वतःच्या हनुवटीवरून हात फिरवला. मी उरलेली ट्यूब, तो घडीचा कागद आणि जेलीची डबी, तिन्ही एका पिशवीत घालून त्यांच्या हातात दिलं आणि सांगितलं, आत्या, टेस्ट हातावर करू नका, कानामागे करा, आणि आधी टाकीत पाणी आहे का बघा.