‘तंगूस आणि गांडुळाच्या पुढे’ – एका प्रतिक्रियेला उत्तर

बास (गोड्या पाण्यातला मासा) गरवायला सुरुवात कशी करावी, यावरच्या माझ्या लेखाखाली परवा एका वाचकाने लांबलचक प्रतिक्रिया लिहिली. डॅलसच्या आसपास राहणाऱ्या, शनिवार-रविवारी मुलांना घेऊन तळ्यावर जाणाऱ्या आपल्या लोकांसाठी तो लेख होता. पहिल्या वर्षी एकच सेट घ्या, असं मी त्यात सांगितलं होतं: साडेसहा फुटी, मीडियम पॉवरचा, फास्ट अ‍ॅक्शनचा स्पिनिंग रॉड (मध्यम ताठ, टोकाकडे वाकणारा), रीलवर दहा पाउंडाचं नायलॉन तंगूस (गळाचा दोरा), आणि टेक्सास रिग या जोडणीवर प्लॅस्टिकचं वर्म, म्हणजे गांडुळाच्या आकाराचं आमिष.

वाचकाचं म्हणणं थोडक्यात असं. नायलॉन ताणतं, त्यामुळे चावा हाताला कळत नाही. ब्रेड (न ताणणारा विणलेला दोरा) लावून पुढे फ्लुरोकार्बनचा लीडर, म्हणजे टोकाचा वेगळा तुकडा, जोडावा. ऑगस्टमध्ये मासा वीस-पंचवीस फूट खोल जातो, तिथे पाव औंसाच्या शिशाने काम होत नाही. वर्म आणि क्रँकबेट (माशाच्या आकाराचं, तिहेरी गळांचं कडक आमिष) एका रॉडवर नीट होत नाहीत. पाव औंस म्हणजे दहा ग्रॅम नव्हे, सात. आणि शेवटी हे वाक्य: “काका, तुमचं फिशिंग तंगूस आणि गांडुळाच्या पुढे सरकलेलंच नाही, आणि नवख्यांना तुम्ही वीस वर्षं मागे नेताय.”

सात ग्रॅमचं बरोबर आहे. चूक माझी. लेखात दुरुस्ती केली आहे, त्याबद्दल आभार.

आता त्या वाक्याकडे येतो.

काका म्हटल्याचं मला वाईट वाटलेलं नाही. माझं वय तेवढं आहे, आणि तळ्यावर भेटणारी आपली मुलं मला काकाच म्हणतात. पण हाक मारून पुढच्याच शब्दात माणसाला निकालात काढायचं, ही पद्धत मला कळत नाही. तुम्ही लेख वाचलात, चूक शोधलीत, ती सांगितलीत, इथवर ठीक. मग ‘सरकलेलंच नाही’ कशासाठी? समोर बसून कुणाशी असं बोलला असतात का?

दुसरं म्हणजे ‘गांडूळ’. मी गांडूळ लिहिलेलं नाही, वर्म लिहिलं आहे, आणि या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. प्लॅस्टिकचं वर्म १९४९मध्ये ओहायोतल्या अ‍ॅक्रनमध्ये निक क्रीम यांनी घरच्या घरी ओतून बनवलं. पुढे त्यांची कंपनी टेक्सासमध्ये टायलरला आली, म्हणजे आपण ज्या लेक फोर्क तलावावर जातो त्याच्या शेजारीच म्हणा ना. बुलेटच्या आकाराचं शिसं पुढे, मागे गळ, आणि गळाचं टोक वर्मच्या अंगात लपवलेलं, या जोडणीला राज्याचंच नाव मिळालं. लेक फोर्क १९८०मध्ये भरायला लागलं तेव्हा आतली झाडं बऱ्याच भागात तशीच उभी ठेवली होती. आज त्या बुंध्यांमध्ये उघड्या तिहेरी गळांचं आमिष टाकून बघा, दहा टाकांत दोन आमिषं लाकडाला देऊन याल. टेक्सास रिग त्यातून बाहेर येतं, कारण टोक उघडं नसतं. वर्मच्या डोक्यात गळ जेमतेम पाव इंच घालायचा, बाजूने काढायचा, गळाच्या डोळ्यापर्यंत (तंगूस बांधतो त्या भोकापर्यंत) ओढून घ्यायचा, अर्धा फिरवायचा आणि टोक पुन्हा अंगात टोचायचं. वर्म सरळ लोंबलं पाहिजे. जरा जरी बाक राहिला तर ते पाण्यात गिरक्या घेतं आणि तंगूसाला पीळ पडतो. हे एवढं हाताला येईपर्यंत माझ्या मुलीला दोन शनिवार लागले. हे ‘मागे नेणं’ असेल तर मी सगळ्यांना खुशाल मागे नेईन.

आणि वीस वर्षं मागे म्हणता, तर ऐका. वीस वर्षांपूर्वी मी काय करत होतो, ते सांगतो.

मी या देशात आलो तेव्हा माझ्याकडे रेवदंड्याच्या खाडीचं शिक्षण होतं. वडील मला सुट्टीत गरवायला न्यायचे. रॉड नव्हता, रील नव्हतं. लाकडाच्या तुकड्यावर गुंडाळलेलं तंगूस, शिसं, गरी आणि कोळंबीचा तुकडा. तंगूस तर्जनीवरून सोडायचं आणि गप्प बसायचं. वडील मला डोळे मिटायला लावायचे आणि विचारायचे, “आता काय आहे?” शिसं चिखलात आहे की दगडावर, ओहोटीचं पाणी ओढतंय की शिंगाळी कोळंबी कुरतडतेय, हे बोटाने सांगावं लागायचं. चुकलो तर रागवायचे नाहीत, फक्त “पुन्हा बघ” म्हणायचे. तांबोशी लागली की मात्र विचारायची गरज नसायची, तंगूस बोट कापायचं. त्या बोटावरची रेघ अजून आहे.

डॅलसला आल्यावर पहिल्या वसंतात मी एका मोठ्या दुकानात गेलो. तिथल्या माणसाने तुमच्यासारखाच उत्साह दाखवला. बेटकास्टर (फेकताना ज्याचं स्पूल फिरतं असं रील) घ्या म्हणाला, हेवी रॉड घ्या, पन्नास पाउंडाची ब्रेड घ्या, तीन डबे भरून आमिषं घ्या. बायकोला न सांगता मी चारशेहून जास्त डॉलर मोजून आलो. पुढचे तीन महिने मी मासे पकडले नाहीत, गुंते सोडवले. बेटकास्टरवर अंगठा वेळेवर टेकला नाही की स्पूल आमिषाच्या पुढे धावतं आणि दोऱ्याचं घरटं होतं. काठावर बसून नखांनी ते उकलायचं, शेवटी कात्री लावायची, घरी यायचं. ते रील आजही गॅरेजमध्ये आहे. स्पिनिंग रीलची शिफारस मी का करतो, ते यात आलं. मी पुस्तकातून लिहीत नाही.

ब्रेडबद्दलही माझा एक प्रसंग आहे. त्याच उन्हाळ्यात त्याच हेवी रॉडवर मी क्रँकबेट लावलं होतं. पहाटे धरणाच्या दगडांजवळ मासा लागला, चांगला मोठा, पाण्याबाहेर येऊन त्याने डोकं झटकलं तेव्हा त्याचा उघडा जबडा मी स्पष्ट बघितला, माझी मूठ आत गेली असती. मी जोर लावला. ब्रेड ताणत नाही, रॉड वाकत नव्हता, आणि तिहेरी गळ लहान असतो, तो माशाच्या जबड्यात खोल बसलेला नसतो. हिसका बसला आणि आमिष उडून माझ्या पायाशी येऊन पडलं. गळावर कातडीचा एवढासा तुकडा होता. नायलॉन असतं तर त्याने तो हिसका थोडा तरी पोटात घेतला असता. नवख्याचा हात हमखास जोर करतो, म्हणून त्याच्या रीलवर ताणणारं तंगूस असावं, असं माझं मत आहे आणि ते मी बदलणार नाही. तुम्ही म्हणता की क्रँकबेटला वेगळा, मऊ रॉड हवा. हवाच. फायबरग्लासचे रॉड त्यासाठीच विकले जातात. पण पहिल्या वर्षी क्रँकबेट वापरूच नका, हे मी लेखात लिहिलेलं तुम्ही वाचलं नाहीत की वाचून सोडून दिलंत?

राहिला चावा कळण्याचा प्रश्न. बास आमिष कुरतडत नाही. तो तोंड आणि कल्ले एकदम फाकवतो, पाण्यासकट आमिष आत ओढून घेतो, आणि नको वाटलं की तितक्याच झटक्यात थुंकतो. हाताला एक बारीक टिचकी लागते, कधी तीही लागत नाही. म्हणून मी सगळ्यांना सांगतो की तंगूस पाण्यात शिरतं त्या जागेवर नजर ठेवा. शिसं तळाला टेकल्यावर तंगूसाला जो हलका झोल येतो, तो कारण नसताना सरळ झाला किंवा कडेला सरकू लागला, की तिकडे मासा आहे. डोळ्याला हे कळतं, आणि ते ब्रेडवर कळतं तसंच नायलॉनवरही कळतं. ज्याला झोल वाचता येत नाही, त्याने कुठलाही लीडर लावला तरी मासा येऊन गेलेला त्याला कळणार नाही.

प्रतिक्रियेसोबत तुम्ही एकवीस इंची माशाचा फोटो जोडलाय, होडीच्या पुढच्या पडद्यावर लाइव्ह सोनार (पाण्याखालचे मासे त्याच क्षणी दाखवणारं यंत्र) दिसतोय. मासा देखणा आहे. लेक फोर्कवरचा असेल तर सोडला असालच, कारण तिथे सोळा ते चोवीस इंचांमधला बास ठेवता येत नाही. पण त्या पडद्याचा माझ्या लेखाशी संबंध काय? मी ज्यांच्यासाठी लिहितो त्यांच्याकडे होडी नाही. ते टावाकोनी तलावाच्या स्टेट पार्कात काठावर उभे राहतात, कारण टेक्सासच्या स्टेट पार्कात गरवायला परवाना लागत नाही, आणि सोबत आई-वडील असतात, आठ वर्षांचा मुलगा असतो, पोहे असतात. त्यांना तुम्ही हजारो डॉलरचा सोनार दाखवणार?

सामान जितकं भारी तितका मासा मोठा, असं असतं तर इतिहास वेगळा झाला असता. टेक्सासचा विक्रमी बास, १८.१८ पाउंडांचा, जानेवारी १९९२मध्ये याच लेक फोर्कवर बॅरी सेंट क्लेअर यांना मिळाला. ते त्या दिवशी बास गरवतच नव्हते, क्रॅपी या लहान माशासाठी जिवंत मिनो (बारीक मासा) टाकून बसले होते. जॉर्ज पेरी यांनी २ जून १९३२ रोजी जॉर्जियात २२ पाउंड ४ औंसांचा बास काढला, तेव्हा गरवणाऱ्यांच्या होडीवर सोनार नव्हता. २००९मध्ये जपानच्या बिवा तलावात मनाबु कुरिता यांनी त्याची बरोबरी केली, आमिष होतं जिवंत ब्लूगिल मासा. यातल्या कुणाला तुम्ही ‘पुढे सरकलेला नाही’ म्हणणार आहात?

ऑगस्टचा मुद्दा मी फार ताणत नाही. ऑगस्टच्या दुपारी १०० फॅरनहाइटला मुलांना घेऊन काठावर कुणी जात नाही. पहाटे जा, मासा काठाला असतो. ज्याला खोलवर जायचंच आहे त्याने जड शिसं लावावं, एवढं तो स्वतः समजेल.

तुमच्याआधी एकाने विचारलं होतं, म्हणून इथेच सांगून टाकतो: आपल्या जिताड्याला इंग्रजीत एशियन सी बास म्हणतात, पण लार्जमाउथ बास त्याच्या कुळातला नाही. तो सनफिशच्या कुळातला मासा आहे. खाडीत शिकलेलं इथे जसंच्या तसं चालतं, असा माझा दावा कधीच नव्हता. तंगूसावरचं बोट मात्र तेच आहे.

तुमची प्रतिक्रिया मी काढणार नाही, ती लेखाखाली राहील. ब्रेड आणि लीडरवर स्वतंत्र लिहायचा विचार आहे, पण ते दुसऱ्या वर्षाच्या माणसासाठी असेल. तोवर एक विनंती. एवढ्या मोठ्या मजकुरात तुम्ही रॉड सांगितलात, रीलचा गिअर रेशो सांगितलात, सोनारचं मॉडेल सांगितलंत. तुमचा पहिला बास कुठल्या तळ्यावर, कशावर लागला आणि तेव्हा सोबत कोण होतं, ते कुठेच आलेलं नाही. तेवढं लिहा. मी नक्की वाचेन.