सोय कुणाची?
लंडन झूच्या हत्ती-गेंडा घरावरचा लेख छान, पण कौतुक अंमळ जास्तच झालंय. वास्तुविशारद ह्यू कॅसन यांची ही १९६५ची इमारत दिसायला देखणी आहे, वादच नाही. काँक्रीटच्या उभ्या पट्ट्या ठोकून ठोकून हत्तीच्या कातडीसारख्या खडबडीत केलेल्या, आणि वरून उजेड पडतो तो नेमका जनावरांवर. बघणारे अंधारात! पण फिरायला जागा? २००१मध्ये हत्ती अखेर शहराबाहेरच्या व्हिप्सनेड झूमध्ये मोकळ्यावर हलवावे लागले. इमारत मात्र संरक्षित वारसा, म्हणून जागच्या जागी.

आमच्या बडोद्यात पाणीगेटकडे गायकवाडी काळातला साठमारीचा अग्गड आहे, म्हणजे माणसं हत्तीला डिवचून खेळवत त्या खेळाचं भिंतबंद मैदान. तिथे भिंतीत अरुंद दारं ठेवली होती, हत्ती अंगावर आला की माणसानं सटकायला. हत्तीला तेवढीही नव्हती. म्हणजे तिथेही सोय माणसाचीच.